शेठ म्हणतात, यंदा नारळ तूच फोडायचा

चाकणहून एका तरुण वाचकाचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून ते थोडक्यात देते.

"मावशी, सप्रेम जय ख्रिस्त. मी सत्तावीस वर्षांचा आहे. गाव राहुरी तालुक्यात. आयटीआयला मशिनिस्ट ट्रेड केला आणि इकडे एका वर्कशॉपमध्ये व्हीएमसीवर, म्हणजे धातू कापणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या मशीनवर लागलो, त्याला चार वर्षं झाली. आमचं घर पणजोबांपासून ख्रिस्ती आहे. पण आडनावावरून ते कुणाला कळत नाही आणि मीही कधी सांगितलं नाही. खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या मशिनींची पूजा असते. त्या दिवशी मी दरवर्षी काहीतरी कारण सांगून सुट्टी टाकतो. कधी गावाकडे जमिनीचं काम, कधी आजी आजारी. यंदा नवीन मशीन आलंय आणि मला सेटर, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणारा, केलंय. शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, 'मशीन तुझं, यंदा नारळ तूच फोडायचा.' मी मान हलवली. पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले, पूजा चालते तिथं उभंसुद्धा राहू नकोस, प्रसादाला हात लावू नकोस. चुलतभाऊ म्हणतो, फोडून टाक, देवाला मन कळतं, नोकरी सांभाळ. रूमवरचे तिघंजण जिवाभावाचे आहेत, पण त्यांनाही माहीत नाही. बायबल मी मोबाइलवर वाचतो, कुणी आलं की स्क्रीन बंद करतो. सुट्टी गुरुवारची, त्यामुळे रविवारची उपासना बुडते. आजकाल रात्री झोप लागत नाही. मी नक्की कुणाला घाबरतो तेच कळेनासं झालंय."

बाळा, जय ख्रिस्त.

मावशी म्हणून हाक मारलीस, म्हणून अरे-तुरेच करते. आधी सरळ उत्तर देते. नारळ फोडू नकोस. सुट्टीही टाकू नकोस. खंडेनवमीच्या चांगलं आठवडाभर आधी शेठना एकटं गाठ, खरं काय ते सांग, आणि त्या दिवशी सगळ्यांसारखा वेळेवर कामावर जा.

आता असं का म्हणते ते सांगते.

पूजेचा प्रश्न तुझ्यापुढे वर्षातून एकदा येतो. खोट्याचं ओझं मात्र तू वर्षभर वाहतोस. दुसरे देव मानू नकोस ही पहिली आज्ञा मोडायला नको म्हणून तू दरवर्षी खोटं बोलू नकोस ही नववी मोडत आलास. धडधाकट आजीला आजारी केलंस, नसलेलं जमिनीचं काम काढलंस. पुढच्या वर्षी कोणतं कारण द्यायचं याचा विचार बहुधा श्रावणापासूनच सुरू होत असेल. हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. पाळकांशी तू पूजेबद्दल बोललास, पण या कारणांबद्दल बोलला नसशील असं पत्रावरून वाटतं, आणि झोप उडवणारी गोष्ट तीच आहे. कुणाला घाबरतो ते कळत नाही म्हणतोस. मला विचारशील तर तुला पकडलं जाण्याची भीती वाटते. ज्याने कुणाचं काही घेतलेलं नाही अशा मुलाने चोरासारखं वावरावं, स्वतःचं पवित्र शास्त्र वाचताना पावलांची चाहूल लागली की स्क्रीन बंद करावी, हे मला बघवत नाही.

शेठनी तुला काय दिलंय तेही नीट बघ. असं मशीन घ्यायचं म्हणजे लाखांचं कर्ज, बँकेचे हप्ते, फाउंडेशनचं काम, मशीन उतरवताना क्रेनवाल्याकडे लागलेले डोळे. त्या मशीनचा पहिला नारळ माणूस एक तर स्वतः फोडतो, नाही तर घरच्या मुलाकडून फोडून घेतो. शेठनी तो मान तुला दिला. तुला कोंडीत पकडायचं त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांना काही माहीतच नाही. म्हणूनच नवमीच्या दिवशी सगळे हात जोडून उभे असताना आयत्या वेळी "मला जमणार नाही" म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय होईल, आणि त्या दिवशी गायब होणं तर त्याहून वाईट. ज्याने मान दिला त्याला सत्य आधी कळायला हवं, आणि ते तुझ्याच तोंडून.

बोलायला जाशील ते शिफ्ट सुटल्यावर, हात धुऊन, केबिनमध्ये जा. चालू मशीनशेजारी उभं राहून बोलू नकोस, आणि व्हॉट्सअॅपवर तर मुळीच कळवू नकोस. काय बोलायचं ते इथंच लिहून देते. शब्द तुझे घाल.

"शेठ, तुम्ही मला पूजेचा मान दिलात, फार बरं वाटलं. पण एक गोष्ट मी आजवर सांगितली नव्हती. मी ख्रिस्ती आहे. आमच्यात पूजा करत नाहीत, म्हणून नारळ माझ्या हातून व्हायचा नाही. तो मान तुम्ही घ्या किंवा आपल्यातल्या कुणा जुन्या माणसाला द्या. आदल्या दिवशी मशीन मी स्वतः साफ करून देतो. पूजेला मी हजर असेन. पूजा झाली की पहिला जॉब मीच लावतो. आणि याआधी मी या दिवशी ज्या सुट्ट्या घेतल्या त्यांची कारणं खोटी होती. माफ करा."

एवढंच बोलायचं. मूर्ती, देव, तारण यांवर एक शब्दही बोलू नकोस. पुढे कधी त्यांनी आपणहून विचारलं तर मोकळेपणानं सांग. पण त्या दिवशी तू त्यांना काही शिकवायला गेलेला नाहीस, स्वतःबद्दलचं खरं सांगायला गेला आहेस. शेवटचं माफीचं वाक्य जिभेवर जड होईल, तरी गाळू नकोस. तेच ऐकून शेठना कळेल की हा मुलगा खरं बोलतोय.

बायबलमधल्या दानिएलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय पुन्हा एकदा वाच. राजाच्या ताटातलं अन्न खायचं नाही हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं, पण त्यासाठी त्याने ताट भिरकावलं नाही. वरच्या अधिकाऱ्याकडे जाऊन विनंती केली. कारभाऱ्याची अडचण ओळखून दहा दिवस आम्हाला शाकभाजी आणि पाणी देऊन बघा, असा तोडगाही स्वतःच सुचवला. शेठपुढे तुलाही तसंच जायचंय. ठाम राहायचंच, पण त्यांची पंचाईत होऊ नये याचा विचार तू आधीच केलेला असला पाहिजे.

आता तिथं उभं राहायचं की नाही, हा प्रश्न. इथं मी तुझ्या पाळकांशी सहमत नाही, आणि का नाही तेही सांगते. राजे यांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात नामान नावाचा अरामी सेनापती आहे. कोड बरं झाल्यावर त्याने इस्राएलाच्या देवाशिवाय दुसऱ्या कुणाला होमबली किंवा यज्ञबली वाहणार नाही असं ठरवलं. पण त्याची एक अडचण होती. त्याचा राजा रिम्मोन देवाच्या मंदिरात जाताना त्याच्या हातावर टेकून जात असे, म्हणजे राजाबरोबर त्यालाही वाकावं लागे. त्याने ते अलीशा संदेष्ट्याला सांगितलं आणि त्याबद्दल क्षमा मागितली. अलीशाने त्याला फैलावर घेतलं नाही. "शांतीने जा" एवढंच म्हणाला. या उताऱ्यावर पंडितांचे वाद आहेत, मला ते ठाऊक आहेत. मी त्यातून एवढंच घेते की नोकरीमुळे माणूस कुठे उभा आहे आणि तो मनापासून कुणाची उपासना करतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि देवाला त्यातला फरक कळतो.

असाच प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढेही आला होता. १९८५ मध्ये केरळातल्या एका शाळेनं तीन भावंडांना काढून टाकलं. ती यहोवाचे साक्षीदार पंथातली. राष्ट्रगीत सुरू झालं की ती इतरांबरोबर आदरानं उभी राहत, पण गात नसत, कारण त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं. बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य या नावानं तो खटला ओळखला जातो. १९८६ मध्ये निकाल लागला आणि मुलांना शाळेत परत घ्या असं न्यायालयानं सांगितलं. शांतपणे उभं राहण्यात अनादर नाही, आणि जे मनाला पटत नाही ते म्हणायला लावणं बरोबर नाही, असा त्याचा आशय. खासगी वर्कशॉपला तो निकाल जसाच्या तसा लागू होतो असं मी म्हणत नाही, आणि शेठपुढे कायदा काढायची वेळ तुझ्यावर येऊ नये. पण आदरानं उभा राहणारा आणि तरी त्यात भाग न घेणारा माणूस या देशात चालतो, हे मनात असू दे.

मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. दसऱ्याला पाटीपूजन असायचं. मुलं पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची, तिच्यावर हळदकुंकू आणि आपट्याची पानं वाहायची. कुणाचा एक वाकडा झाला की मी हात धरून सरळ काढून द्यायचे, कारण ते माझं शिकवण्याचं काम होतं. पूजा दुसऱ्या बाई करायच्या. तेवढा वेळ मी मागच्या ओळीतल्या लहानग्यांना घेऊन बसायचे, आणि नंतर खाऊ वाटायला सगळ्यांत पुढे. मुख्याध्यापकांनी पहिल्या वर्षी कारण विचारलं, मी सांगितलं, ते "बरं" म्हणाले. आपापसात वाटून घेतलेल्या कामासारखं ते पुढे आपोआप चालत राहिलं.

तुझ्या बाबतीत वाटून घेण्यासारखं काम तर हाताशीच आहे. आदल्या दिवशी मशीन साफ करायचं असतं, आणि मनापासून करायचं म्हटलं तर ते अर्ध्या दिवसाचं काम. टेबलाच्या टी-स्लॉटमध्ये अडकलेली बर, म्हणजे धातूचा कीस, ब्रशनं आणि हुकानं काढायची. कूलंटच्या टाकीतला गाळ उपसायचा, वास मारणारं जुनं कूलंट काढून नवीन भरायचं. दाराची काच आतून इतकी पुसायची की बाहेरून टूल स्पष्ट दिसावं. स्पिंडलचा टेपर स्वच्छ फडक्यानं पुसून बघायचा, टूल मॅगझिनमधले होल्डर एकेक काढून पुसायचे. नवीन मशीनला एवढं लागणार नाही, पण तुमच्या जुन्या मशिनींना नक्की लागेल. ते सगळं तू अंगावर घे आणि असं कर की दुसऱ्या दिवशी झेंडूचे हार घालणाऱ्याचा हात क्षणभर थांबावा. तुझ्यासोबतची मुलं ज्या यंत्रावर पोट भरतात त्या यंत्राची तू कदर करतोस, हे त्यांना तिथं दिसेल. मशीन घासताना मनात प्रार्थना कर. या यंत्रावर काम करणाऱ्या प्रत्येकाची बोटं शाबूत राहू देत, शेठचे हप्ते वेळेवर फिटू देत. आपल्याकडे नवा ट्रॅक्टर आला की पाळकांना बोलावून प्रार्थना करतातच, वसईकडची कॅथलिक मंडळी होड्यांवर आशीर्वाद मागतात. तुझ्या मशीनसाठी तू मागितलंस तर त्यात वावगं काय?

पूजेच्या वेळचे बारीकसारीक प्रश्न राहतात. इतरांबरोबर बूट काढ. सगळ्यांत पुढे उभा राहू नकोस, दाराबाहेरही थांबू नकोस, मध्ये कुठेतरी सरळ उभा राहा. मोबाइल खिशात ठेव. आरतीला टाळ्या वाजवायच्या की नाही यावर लोक वाद घालतात. मी वाजवत नाही, पण वाजवणाऱ्या ख्रिस्ती माणसाला नावंही ठेवत नाही. कुणी कपाळाला कुंकू लावायला आलं तर मागं उडी मारू नकोस. हात जोडून "मला नको दादा" म्हण. बहुतेक जण पुढच्याकडे वळतात. आणि पूजा संपताच सटकायचं नाही. त्यानंतरचा चहा, फोटो, चेष्टामस्करी यात राहा.

प्रसादाचं तू विचारलंस, तर त्यावर प्रेषित पौलाइतकं सविस्तर कुणी लिहिलेलं नाही. करिंथ शहरातल्या विश्वासणाऱ्यांपुढे हाच प्रश्न होता. बाजारात मिळणारं मांस बऱ्याचदा मूर्तीपुढून आलेलं असे, शेजाऱ्यांकडे जेवायला गेलं तरी तेच. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात तो म्हणतो की बाजारातलं खुशाल खा, चौकशा करत बसू नका. कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा. पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे वाहिलेलं आहे, तर खाऊ नका, आणि तेही सांगणाऱ्याच्या विवेकासाठी. म्हणजे वस्तूला विष लागलेलं नसतं, आपल्या खाण्याचा समोरचा काय अर्थ घेतो ते महत्त्वाचं. मी या वाटेनं जाते. देवापुढे ठेवलेला नारळाचा तुकडा किंवा पेढा घेत नाही. "मी प्रसाद घेत नाही, चहा मात्र घेईन" असं हसून सांगते. घेऊन खिशात घालणं, मग गुपचूप टाकून देणं हे कधीही करू नये. देणाऱ्यानं ते भक्तीनं दिलेलं असतं. आपल्यात प्रसाद खाणारेही आहेत, धन्यवाद देऊन खातात, आणि रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय सांगतो की खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्यानं खाणाऱ्याला दोष लावू नये. तू एकदा ठरव आणि मग तसाच वाग. एका वर्षी घेतला, दुसऱ्या वर्षी नाकारला असं झालं की लोकांचा गोंधळ होतो आणि कुणाला तरी लागतं.

रूमवरच्या मित्राची आई दिवाळीला चकली-चिवडा पाठवत असेल, तो मात्र मनसोक्त खा आणि तिला फोन करून सांग की चकली फार छान झाली होती. फराळाला लोक उगाच प्रसादाच्या रांगेत बसवतात.

तुझ्या पाळकांविषयी मनात अढी ठेवू नकोस. त्यांना तुझी काळजी आहे, आणि तरुण मुलं शहरात गेली की हळूहळू मंडळीपासून, म्हणजे चर्चपासून, तुटतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं असणार. पण परत त्यांच्याकडे जा आणि सगळं सांग, खोट्या सुट्ट्यांसकट. वर्कशॉपमध्ये नवमीला नेमकं काय होतं, कोण कुठे उभं राहतं, तू काय करणार आणि काय करणार नाहीस, ते सांग. त्यांचं मत बदललं तर उत्तम. नाही बदललं तरी ऐकून घे, त्यावर प्रार्थना कर, आणि मग तुझा निर्णय तू घे. "प्रत्येकाने आपल्या मनाची पक्की खात्री करून घ्यावी" असं त्याच चौदाव्या अध्यायात आहे. उसन्या खात्रीवर शेठपुढे उभा राहिलास तर पहिल्याच उलट प्रश्नाला पाय लटपटतील. चुलतभावाचं मतही उसनंच आहे. देवाला मन कळतं हे खरंच, पण तुझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तुझं फक्त वागणं दिसतं.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला अशा वेळी आठवतं. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज गावी त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांना आसरा देणाऱ्या, बाप्तिस्म्याची तयारी करून घेणाऱ्या धर्मभगिनी तिथल्याच. तरी त्या भगिनींना रमाबाईंनी स्पष्ट लिहिलं की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टानं सुटले आहे, आता दुसऱ्याचं जोखड लगेच मानेवर घेणार नाही. त्या शाकाहारीच राहिल्या, त्यावरून कुरबुरी झाल्या तरी. आणि म्हणून त्यांची श्रद्धा कमी पडली असं कुणी म्हणेल का? आयुष्याची पुढची वर्षं त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळात होरपळलेल्या, टाकून दिलेल्या बायका-मुलींसाठी घालवली. पुण्याहून गाडीनं फार लांब नाही. एखाद्या गुरुवारी जाऊन ये. मन लावून विचार करणारं ख्रिस्तीपण कसं असतं ते तुझ्याच भाषेत, तुझ्याच मातीत बघायला मिळेल.

रूमवरच्या मुलांना शेठच्या आधी सांग. ज्यांच्याबरोबर एका ताटात जेवतोस त्यांना ही गोष्ट वर्कशॉपच्या बातमीतून कळली तर वाईट वाटेल, आणि त्यांचं वाईट वाटणं बरोबर असेल. रविवारी रात्री जेवायला बसल्यावर सांग. त्यासाठी सभा भरवायची गरज नाही. "तुम्हाला एक सांगायचं राहून गेलंय" एवढ्या प्रस्तावनेनं काम होतं. एखादा म्हणेल, "अरे मग इतकी वर्षं लपवलंस कशाला?" त्यावर "भीती वाटत होती" हे खरं उत्तर आहे, तेच दे. एखादा विचारेल, तुम्ही लोक कधी झालात, किती पैसे मिळाले. हा प्रश्न येतोच, आणि आजकाल जरा जास्त येतो. चिडू नकोस. पणजोबांबद्दल घरात जे सांगतात ते सांग. काहीच ठाऊक नसेल तर या नाताळला आजीकडे बसून विचारून घे, ती आहे तोवर. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं ते १८३१ मध्ये, म्हणजे तुझ्या जिल्ह्यात ख्रिस्ती मंडळीला दोनशे वर्षं व्हायला आली. याच मिशनच्या सिंथिया फरार बाईंच्या नगरमधल्या मुलींच्या शाळा बघून जोतीराव फुले प्रभावित झाले होते. तू इथला आहेस. कुणी बाहेरचा म्हटलं तरी तू स्वतःला बाहेरचा समजू नकोस.

सगळं गोडच होईल असं मी सांगणार नाही. वर्कशॉपमध्ये एखादा टोमणे मारील, एखादा काही दिवस बोलणार नाही. कुणी मुद्दाम वाद उकरून काढील, त्याच्याशी वाद घालू नकोस आणि धर्मावरचे व्हिडिओ पाठवले तर उत्तरं पाठवू नकोस. शेठ रागावले, सेटरपद काढून घेतलं, असंही होऊ शकतं. म्हणून एक व्यवहाराची गोष्ट. पगाराच्या पावत्या, पीएफचा यूएएन नंबर, चार वर्षांच्या अनुभवाचं पत्र, हे कागद आधीच जवळ असू देत. हाताला कसब असलेल्या सेटरला या पट्ट्यात काम मिळतं, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पोटाची भीती थोडी कमी झाली की माणूस केबिनमध्ये सरळ मानेनं बोलतो. मला मात्र वाटतं की शेठ थोडा वेळ गप्प बसतील, एखाददोन प्रश्न विचारतील आणि हो म्हणतील. ज्याला मुलासारखा मान दिला त्याला कुणी सहजासहजी तोडत नाही.

आता रविवार. भोसरी-चाकण पट्ट्यात गुरुवारची सुट्टी रुळलेली आहे, ती तुझ्यासाठी बदलणार नाही. पण रविवारी सेकंड शिफ्ट कुणालाच नको असते, प्रत्येकाला संध्याकाळ घरी हवी असते. ती तू मागून घे. सकाळची उपासना मिळेल आणि दुपारी वेळेवर कामावर पोचशील. याच पद्धतीनं नाताळचंही जमवता येतं. लक्ष्मीपूजनाला, गौरीच्या दिवसांत मी थांबतो, तुम्ही घरी जा, मला २४ आणि २५ डिसेंबर द्या, असं आत्ताच ठरवून टाक. दिवाळीत घरी पोचलेल्या माणसाला त्याची आठवण राहते. ज्या रविवारी काहीच जमणार नाही त्या आठवड्यात मधल्या वारची प्रार्थनासभा चुकवू नकोस. आखाती देशांत गेलेली आपली माणसं वर्षानुवर्षं शुक्रवारी उपासनेला जमत आली आहेत, कारण तिथल्या बहुतेक देशांत सुट्टी त्या दिवशी. वार बदलला म्हणून त्यांची उपासना उणी झाली नाही. मात्र एकट्यानं मोबाइलवर उपासना ऐकून भागवायची सवय लावू नकोस. तुला माणसं हवीत, प्रभुभोजनाला शेजारी बसणारी. पिंपरी-चिंचवडमध्ये मराठी उपासना होणाऱ्या मंडळ्या आहेत. एखाद्या मंडळीत नाव नोंदव आणि तिथल्या तरुण संघात जा. कारखान्यात काम करणारी आणि याच प्रश्नांतून गेलेली दोन-चार मुलं तिथं हमखास भेटतील.

राहता राहिली आई. ती पत्रात कुठेच नाही, पण खंडेनवमीला तू गावी जात असशील तर तिला वाटत असणार की वर्कशॉप त्या दिवशी बंदच असतं. शेठकडे जाण्याच्या आदल्या रात्री तिला फोन कर आणि खरं सांग. ती घाबरेल. कदाचित म्हणेल, "कशाला बोलतोस, दिवस बरे नाहीत, गप्प राहा." तिचं पूर्ण ऐकून घे, मध्ये तोडू नकोस. मग तिला फोनवरच तुझ्यासाठी प्रार्थना करायला सांग, आणि सकाळी ठरल्याप्रमाणे कामावर जा. नवमी झाल्यावर शेठ काय म्हणाले ते मला दोन ओळीत कळव.

तुझी मावशी